बिस्किटांच्या कारखान्यातली एक दुपार

मी पार्ल्याची. लोकल पार्ल्याजवळ आली की डब्यात भाजक्या बिस्किटांचा गोड वास शिरायचा आणि पेंगणारी माणसंसुद्धा उठून पिशव्या सावरायची. १९२९ साली सुरू झालेला तो कारखाना २०१६ मध्ये बंद झाला. अजूनही गाडी त्या टप्प्यात आली की मी नकळत श्वास ओढून घेते. त्यामुळे न्यूजर्सीला लेकीकडे गेले असताना ती म्हणाली, "आई, उद्या तुला बिस्किटांच्या जुन्या कारखान्यात जेवायला नेते," तेव्हा मला रात्री झोपच लागली नाही.

लेक होबोकेनला राहते. तिथून पाथची गाडी हडसन नदीच्या खालून न्यूयॉर्कला जाते. चौदाव्या रस्त्याला उतरलो आणि नवव्या ॲव्हेन्यूपर्यंत पायी गेलो. समोर लाल विटांची भलीमोठी इमारत, चेल्सी मार्केट. नवव्या ते दहाव्या ॲव्हेन्यूपर्यंतचा अख्खा ठोकळाच तिने व्यापलाय. इथे नॅशनल बिस्किट कंपनीच्या, म्हणजे नाबिस्कोच्या भट्ट्या होत्या. ओरिओ बिस्किट १९१२ साली इथेच जन्माला आलं, आणि पहिल्यांदा विकलं गेलं ते होबोकेनच्या एका वाण्याला! हे मी आधी वाचून गेले होते. लेक तिथे चार वर्षं राहतेय, पण तिला हे माहीत नव्हतं. ती रस्त्यातच थांबून "खरंच?" म्हणाली, तेव्हा मला फार बरं वाटलं.

१९५८ मध्ये कंपनी न्यूजर्सीला गेली. पुढे नव्वदच्या दशकात अर्विन कोहेन नावाच्या गृहस्थांनी ही जागा घेतली आणि १९९७ मध्ये तळमजल्यावर खाण्यापिण्याचा बाजार सुरू झाला. ही मुळात एक इमारत नाहीच, एकमेकींना लागून उभ्या असलेल्या कितीतरी इमारती आहेत, आणि त्यांच्या पोटातून एक लांबलचक बोळ जातो. भिंतींना गिलावा नाही. जुन्या विटा, लोखंडी खांब, डोक्यावरचे पाइप, सगळं उघडं. एका ठिकाणी जाडजूड पाइपातून धो धो पाणी विहिरीसारख्या खड्ड्यात पडत होतं. मुलं कठड्याला लटकून ते बघत होती.

मी आधी मासळी गाठली. लॉब्स्टर प्लेसमध्ये बर्फावर मांडलेले मासे पाहून माझे पाय तिथेच रोवले. तिसऱ्यांच्या बहिणी शोभाव्यात अशा शिंपल्या, आणि कालवं तर तळहाताएवढी. आपल्या बाजारात कालवांचं बहुतेकदा नुसतं मांसच येतं. इथे जाड हातमोजा घातलेला माणूस आखूड सुरी शिंपल्याच्या सांध्यात घालायचा, मनगटाला एक हिसका द्यायचा, की झाकण निघालंच. आतलं पाणी मात्र एक थेंब सांडत नव्हतं. मी पाच-सहा कालवं होईपर्यंत उभी राहिले. हात असा बसायला वर्षं जावी लागतात.

लॉब्स्टर म्हणजे शेवंडच, असं मी समजत होते. पण आपल्या शेवंडीला मोठे नांगे नसतात, लांब मिशा असतात. इथल्याचे नांगे माझ्या मुठीपेक्षा मोठे! वाफवून, उभं चिरून, सोबत वितळलेलं लोणी आणि लिंबू. ना आलं-लसूण, ना आगळ. पहिला घास घेताना मनात धाकधूक होती. पण ते मांस इतकं गोड लागलं, की याला मसाला लावला नाही हेच शहाणपण, असं मला मनापासून वाटलं.

मग लॉस टाकोस नंबर वन. रांग मोठी, बसायला जागा नाही, वडापावच्या गाडीसारखं उभ्यानेच खायचं. समोरच मक्याच्या पिठाचा गोळा दाबून तव्यावर टाकत होते. हा मका आधी चुन्याच्या पाण्यात शिजवतात, म्हणून त्या भाकरीला वेगळाच, मातकट वास येतो. लेकीने माझ्यासाठी निवडुंगाचा टाको घेतला. हो, आपल्या शेताच्या बांधावरचा फड्या निवडुंगच, काटे काढून भाजलेला! किंचित आंबट, किंचित बुळबुळीत, भेंडी आणि ढोबळी मिरचीच्या मधलं काहीतरी. मी दुसरा मागितला.

२०१८ मध्ये गूगलच्या कंपनीने ही इमारत २४० कोटी डॉलरना घेतली. वर कचेऱ्या, खाली बाजार. वास्तू जपली याचा आनंदच आहे. आमच्या गिरणगावात कितीतरी ठिकाणी चिमणीही उरलेली नाही. पण भट्टीसमोर राबलेल्या माणसांबद्दल मला तिथे फारसं काही दिसलं नाही, त्याची खंत वाटली. कणीक मळणारे, डबे भरणारे, पाळी संपवून घरी जाताना ज्यांच्या कपड्यांना तो वास येत असेल, ते सगळे कुठे गेले?

बाहेर पडून हाय लाइनवर चढलो. पूर्वी दहाव्या ॲव्हेन्यूवर मालगाड्या रस्त्यावरूनच धावत. लोकांना सावध करायला घोडेस्वार पुढे असायचे, तरी माणसं मरत. म्हणून १९३४ मध्ये हा उंचावरचा रूळ झाला. तो या कारखान्याच्या इमारतीतून आरपार जातो. आता त्यावर बाग आहे, रूळांच्या मधून गवत डोलतं.

निघताना लेकीने पिटुकल्या डोनट्सची कागदी पिशवी घेतली, नुकत्याच तळून दालचिनी-साखरेत घोळवलेल्या. परतीच्या पाथमध्ये मी ती मांडीवर घेऊन बसले. गाडी नदीखाली शिरली, तेव्हा समोर पेंगत असलेल्या कामगारासारख्या दिसणाऱ्या माणसाने डोळे उघडले, इकडेतिकडे बघितलं आणि माझ्या पिशवीकडे पाहून हसला. मी पिशवी त्याच्यापुढे धरली.