मिश्रीची डबी आणि बीपीची गोळी

बीड जिल्ह्यातल्या किल्ले धारूरला माझं मेडिकल आहे. १९ वर्षं झाली. या धंद्यात एक हिशोब रोज दिसतो, पण बोलून कुणी दाखवत नाही: ३० गोळ्या नेलेलं गिऱ्हाईक तिसाव्या दिवशी परत येत नसतं. पंचेचाळिसाव्या नाहीतर पन्नासाव्या दिवशी येतं. विचारलं तर म्हणतं, "रोजच घेतो की!" मी मान हलवतो आणि गोळ्या देतो. भांडून करायचं काय?

शिवाय मला बोलायला तोंडही नव्हतं. दोन वर्षांपूर्वी दुकानात बीपी मोजायचं नवं मशीन आलं. चालतंय का बघावं म्हणून पट्टा माझ्याच दंडाला बांधला, तर १५८/१०२. मशीन खराब आहे असं मी तिथंच ठरवून टाकलं. शेजारच्या झेरॉक्सवाल्याला बोलावून त्याला बांधला, त्याचं १२०/८०. म्हणजे मशीन चांगलं होतं. डॉक्टरांनी अ‍ॅम्लोडिपिन ५ ही बीपीची गोळी सुरू केली, रोज एक. ज्या पाकिटांवर दिवसभर माझा हात फिरतो, तीच. महिना संपला तेव्हा माझ्या पाकिटात ११ गोळ्या शिल्लक होत्या. मेडिकलवाल्याच्या!

त्याच सुमाराला गावातल्या एका कार्यक्रमात वक्त्यानं छातीठोक सांगितलं, कुठलीही गोष्ट २१ दिवस करा, सवय लागलीच म्हणून समजा. मी जिद्दीनं २१ दिवस काढले. बाविसाव्या दिवशी पाहुणे आले आणि गोळी राहिली.

माझी लेक संभाजीनगरला मानसशास्त्र शिकते. तिला फोनवर हे सांगितलं तर ती हसायलाच लागली. म्हणाली, "पप्पा, ते २१ दिवस नाक सरळ करणाऱ्या डॉक्टरचे आहेत." मॅक्सवेल माल्ट्झ हा अमेरिकेतला प्लास्टिक सर्जन. पेशंटला आपला नवा चेहरा अंगवळणी पडायला किमान २१ दिवस लागतात, असं त्यानं १९६० साली लिहून ठेवलं. सांगणाऱ्यांनी पुढं त्यातला 'किमान' गाळला आणि चेहऱ्याच्या जागी योगासनं बसवली. मग तिनं मला एक शोधनिबंध पाठवला. शटर ओढल्यावर गल्ल्याशी बसून, रोज दोन-दोन पानं करत, मी तो डिक्शनरी उघडून वाचला.

फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हा निबंध युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमधला, २०१० साली छापून आलेला. ९६ जणांना त्यांनी सांगितलं, खाण्याची, पिण्याची नाहीतर व्यायामाची एक गोष्ट निवडा आणि दिवसात एकदाच येणाऱ्या एखाद्या खुणेला ती बांधा. कुणी नाश्त्यानंतर ग्लासभर पाणी घेतलं, कुणी दुपारच्या जेवणाबरोबर फळ, कुणी रात्रीच्या जेवणाआधी पंधरा मिनिटं पळणं. ८४ दिवस रोज नोंद करायची: केलं का, आणि करताना किती आपोआप झालं. 'आपोआप' हाच त्यातला कळीचा शब्द. निश्चयानं किती दिवस रेटलं हे त्या मोजतच नव्हत्या. निश्चय कधी लागेनासा झाला, ते मोजत होत्या.

सगळीकडं छापून येतो तो आकडा ६६ दिवस. पण निबंधात त्याच्या शेजारीच १८ ते २५४ दिवस असा पल्ला दिलाय. मी दुकानदार माणूस, आधी हेच विचारलं, की ८४ दिवसांच्या अभ्यासात २५४ दिवस आले कुठून? तर लोकांच्या नोंदींचा आलेख काढून ती रेघ गणितानं पुढं नेली आहे. आणि ६६ हा मधला आकडासुद्धा ज्यांचा आलेख नीट जुळला त्या ३९ जणांचा. व्यायाम निवडणाऱ्यांना खाण्यापिण्यावाल्यांच्या साधारण दीडपट वेळ लागला. भाग घेणाऱ्यांचं सरासरी वय २७. त्या वयात मीसुद्धा बालाघाटाचा चढ सायकलनं चढत होतो.

तरी दोन गोष्टींनी मला धरलं. पहिली त्या रेघेचा आकार. तापलेल्या ढेकळावर पडलेलं पहिलं पाणी जसं सर्र आत जातं, तशी सुरुवातीच्या दिवसांत सवयीत पडणारी भर मोठी असते. पुढं पुढं ती कमी होत जाते आणि रेघ सपाट होते. म्हणजे खरा जोर पहिल्या काही आठवड्यांतच लावायचा. दुसरी गोष्ट, एखादा दिवस चुकला तर त्या रेघेला फारसा धक्का बसत नाही. हे वाचून मला बाविसाव्या दिवसाचे पाहुणे आठवले. त्या रात्री 'गेलं सगळं' म्हणत मी पुढचे चार दिवसही गोळी घेतली नव्हती. घात पाहुण्यांनी केलाच नव्हता.

मग मी खूण बदलली. 'रात्री जेवण झाल्यावर' ही आमच्या धंद्यात खूणच नाही. कधी नऊला जेवण, कधी साडेअकराला, कधी दुकानातच शेवचिवड्यावर भागतं. सकाळी शटर वर केलं की मी गणपतीच्या फोटोला उदबत्ती लावतो, ते मात्र १९ वर्षांत चुकलेलं नाही. सुतक असलं तर दुसरं कुणी लावतं, पण मी समोर असतोच. गोळ्यांचं पाकीट उदबत्तीच्या पुड्यालाच रबरानं बांधून टाकलं. बायको म्हणाली, देवाला बीपीची गोळी दाखवता का नैवेद्य म्हणून!

अडीच महिन्यांनी ते जमलं, आणि जमल्या जमल्या एक नवाच घोळ झाला. एका सकाळी उदबत्तीचा धूर निघत होता, पाण्याचा ग्लास रिकामा होता आणि मला काही केल्या आठवेना, की गोळी घेतली का. हात आपलं काम करून मोकळा, डोक्याला पत्ताच नाही. पाणी दोनदा प्यालं तर काही बिघडत नाही, बीपीची गोळी दोनदा गेली तर चक्कर येऊन खाली बसायची पाळी. लॅलीबाईंच्या लोकांना ही अडचण नव्हती, ते फळं खात होते. तेव्हापासून मी पाकिटावर प्रत्येक गोळीपाशी बॉलपेननं तारीख टाकतो, आणि गिऱ्हाइकांनाही टाकून देतो. दोन मिनिटं जातात, जाऊ देत.

आता ज्यांच्यासाठी हे लिहायला बसलो त्या मावशी. धारूरच्या शेजारच्याच एका वाडीवरच्या. आमच्या भागातून दसरा-दिवाळी झाली की गाड्या भरभरून माणसं ऊसतोडीला जातात, कुणी सांगली-कोल्हापूरकडं, कुणी खाली कर्नाटकात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, आधीच घेतलेली आणि बहुतेक वेळा आधीच संपलेली. गावी असताना मावशींची गोळी सकाळच्या चहाला छान बसली होती, शिंक्यात कपाजवळ पाकीट. पण आदल्या साली फडावर गेल्या आणि गोळ्या तशाच परत आल्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "तिकडं च्याचं काय खरं हाय का, दादा? तीनला उठायचं, कधी गाडी भरून झाल्यावर च्या, कधी न्हाईच."

वेंडी वूड या अमेरिकेतल्या संशोधक बाईंचा २००५ सालचा एक अभ्यास आहे. एक विद्यापीठ सोडून दुसऱ्यात गेलेल्या मुलांच्या व्यायामाच्या, पेपर वाचायच्या, टीव्ही बघायच्या सवयींचं काय झालं, हे त्यांनी पाहिलं. जिथं भोवतालचं सगळं सारखं राहिलं तिथं सवय टिकली. जिथं ते बदललं, तिथं जुन्या सवयीचा जोर सरला. मावशींनी तेच मला एका वाक्यात सांगितलं होतं. सवय त्यांच्या अंगात कमी आणि शिंक्यात जास्त होती, आणि शिंकं काही फडावरच्या झोपडीत, कोपीवर, गेलं नव्हतं.

म्हणून गेल्या दिवाळीनंतर त्या निघायच्या आधी मी विचारलं, "मावशी, गावात असा नाहीतर फडावर, रोज चुकत नाही असं काय आहे?"

त्या थोड्या लाजल्या. मग पदराआड कमरेची पिशवी चाचपून म्हणाल्या, "मिश्री."

भाजलेल्या तंबाखूची पूड. उठल्या उठल्या बोटावर घेऊन दातांना लावायची. बीपीच्या पेशंटनं तंबाखू सोडावी हे सांगायला मला कुठला निबंध लागत नाही, आणि ते मी त्यांना दहादा तरी सांगितलं असेल. पण त्या डबीएवढी पक्की खूण दुसरी नव्हती. थोडा वेळ मी गप्पच बसलो. औषध विषाला बांधायचं म्हणजे कसं? शेवटी बांधलं. पाकीट डबीला रबरानं गुंडाळून दिलं, तारखा टाकून. गोळी आधी, मिश्री मागून, एवढं घोकून घेतलं. १५ गोळ्यांची चार पाकिटं त्यांनी नेली. जास्त घ्या म्हटलं, तर उचल लेकीच्या लग्नाच्या देण्यात गेली होती. तिकडं सरकारी दवाखान्यात बीपीच्या गोळ्या फुकट मिळतात, तेही सांगितलं.

पाडवा झाल्यावर आल्या. काउंटरवर चार रिकामी पाकिटं मांडली, सगळी फोडलेली, एकही तारीख चुकलेली नाही. माझी छाती फुगली. पट्टा बांधला तर १६४/१००.

"सरल्या की दोन म्हैन्यात," त्या म्हणाल्या. "दवाखाना लांब. गेलं की खाडा धरतो मुकादम, दोघांचा."

"मग?"

"मंग काय. डबी उघडली की हात जायचाच पाकिटाकडं. धा-बारा दिस गेला. मंग ऱ्हायला जायचा."

त्यांना डॉक्टरांकडं पाठवलं. त्यांनी तीच गोळी पुन्हा लिहून दिली. मी पाकिटं मोजून काढली, या वेळी दहा, आणि रक्कम उधारीच्या वहीत टाकली. तारखा घालत बसलो तर मागं गिऱ्हाइकांची रांग लागली. मावशींनी तेवढ्यात डबी काढून काउंटरवर ठेवली आणि रबर मागितलं. जुनं तुटलं होतं.