प्ले दाबायच्या आधीच

अमेरिकेतल्या एका संघराज्यीय सरकारी खात्याची वेबसाइट आमची टीम सांभाळते. नवं पान लोकांसमोर जाण्याआधी ते कोऱ्या ब्राउझरमध्ये उघडून कुठल्या कुकी (साइट वाचकाच्या ब्राउझरमध्ये ठेवते त्या छोट्या नोंदी) पडतात ते तपासणं माझ्याकडे असतं. बहुतेकदा ब्राउझर बंद केला की पुसल्या जाणाऱ्या एक-दोन सापडतात, आणि काम संपतं.

त्या दिवशीचं पान व्यसनमुक्तीच्या उपचारांचं होतं. वर एक व्हिडिओ, खाली जवळचं केंद्र शोधायची सोय. पान उघडलं, माऊसला हातही लावला नाही, तरी तो व्हिडिओ पुरवणाऱ्या बाहेरच्या कंपनीची कुकी येऊन बसलेली. मुदत सहा महिने.

मॅनेजर म्हणाले, "नाव नाही, पत्ता नाही, नुसता क्रमांक आहे. त्यात काय एवढं?" पण ती कंपनी इतर असंख्य साइटवरही असते, आणि ब्राउझरने अडवलं नाही तर तोच क्रमांक तिथेही वाचते. कुठला व्हिडिओ मागवला गेला यावरून पान कशाचं हेही तिला कळतं. मुलाच्या व्यसनाने हैराण होऊन रात्री दोनला हे पान शोधणाऱ्या आईने सरकारवर विश्वास टाकलेला असतो, त्या कंपनीवर नाही. मला फार राग आला होता.

मी त्यांना जुनं प्रकरण सांगितलं. अमली पदार्थांविरुद्धच्या व्हाइट हाउसच्या मोहिमेत जाहिरात कंपनीमार्फत लोकांच्या संगणकांवर कुकी टाकल्या जात होत्या, हे जून २००० मध्ये उघड झालं. विषय तोच, व्यसनाचा! त्याच महिन्यात व्हाइट हाउसच्या अर्थसंकल्प कार्यालयाने आदेश काढला: निकडीची गरज, खातेप्रमुखाची मंजुरी आणि वाचकाला स्पष्ट सूचना असल्याशिवाय माग ठेवणारी कुकी नाही.

त्याच कार्यालयाच्या २५ जून २०१० च्या एम-१०-२२ या परिपत्रकाने ती बंदी सैल केली, आणि मला ते योग्यच वाटतं. लोक कुठे अडखळतात हे कळल्याशिवाय साइट सुधारणार कशी? ओळख न पटवणाऱ्या कुकी चालतात, ओळख पटवणाऱ्यांना वाचकाची आधी संमती लागते. पण आपल्या साइटबाहेर एखाद्या माणसाचा माग काढायला मात्र परिपत्रकात साफ मनाई आहे. मॅनेजरांनी तो परिच्छेद दोनदा वाचला आणि खात्याच्या प्रायव्हसी अधिकारी बाईंना फोन लावला.

त्यांनी पान तिथल्या तिथे थांबवलं. संध्याकाळपर्यंत व्हिडिओच्या जागी आमच्याच सर्व्हरवरचं साधं चित्र आलं. 'हा व्हिडिओ बाहेरच्या सेवेवरून येतो' ही ओळ वाचून वाचकाने स्वतः दाबलं, तरच आता त्या कंपनीशी संपर्क होतो. शिवाय बाईंनी त्या कंपनीचं नाव गोपनीयता धोरणात घालायला लावलं, आणि त्याच साच्यातून बनलेल्या जुन्या पानांची यादी माझ्याकडे मागितली. ती मी रात्रीच पाठवली.