तिन्ही समीकरणं संतुलित होती

"बाई, माझंही समीकरण संतुलित आहे. मग ते चूक कसं?"

दहावीची प्रात्यक्षिकाची जोड तासिका होती. खाण्याचा सोडा तापवल्यावर काय होतं, ते फळ्यावर लिहून झालं होतं: दोन सोडिअम बायकार्बोनेटपासून एक सोडिअम कार्बोनेट, एक पाणी आणि एक कार्बन डायऑक्साइड. मधल्या रांगेतल्या या मुलीने वहीत वेगळंच लिहिलं होतं. एका सोडिअम बायकार्बोनेटपासून एक सोडिअम हायड्रॉक्साइड आणि एक कार्बन डायऑक्साइड. मी दोन्हीकडचे अणू मोजले. सोडिअम एक, हायड्रोजन एक, कार्बन एक, ऑक्सिजन तीन. चोख जुळत होतं, आणि पुस्तकातल्यापेक्षा सुटसुटीतही होतं. ते बघून मागच्या बाकावरच्या एकाने तिसरं काढलं: दोन सोड्यांपासून सोडिअम ऑक्साइड, पाणी आणि दोन कार्बन डायऑक्साइड. तेही संतुलित!

"पुस्तकात दिलंय म्हणून" असं सांगून मोकळं होणं मला पटत नाही. मुलं वर्षभर समीकरणं संतुलित करतात आणि ते झालं की काम संपलं असं समजतात. पण दोन्ही बाजूंचे अणू जुळले म्हणजे तशी अभिक्रिया होतेच असं नाही. ती होते का, हे प्रत्यक्ष करून, तोलून बघावं लागतं. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लॅव्हाझिए याचं मोठेपण यातच आहे. भांड्यात घातलेलं आणि भांड्यातून निघालेलं तो तोलून बघायचा. त्याचा १७८९चा ग्रंथ आधुनिक रसायनशास्त्राचा पाया मानतात, आणि आमच्या पुस्तकात त्याच्या वाट्याला द्रव्य अक्षय्यतेच्या नियमाची एक ओळ येते.

म्हटलं, आधी गणित करा, मग तापवू. सोड्याचं रेणुवस्तुमान २३ + १ + १२ + ४८, म्हणजे ८४. रेणुवस्तुमानाइतके ग्रॅम म्हणजे एक मोल, म्हणून सोडा घ्यायचा ८.४ ग्रॅम, बरोबर ०.१ मोल. सोडिअम हायड्रॉक्साइड ४०चं, म्हणजे मुलीचं खरं असेल तर बशीत ४.० ग्रॅम उरायला हवेत. सोडिअम कार्बोनेट १०६चं, पण दोन सोड्यांमागे एकच, म्हणून ५.३ ग्रॅम. सोडिअम ऑक्साइड ६२चं, तेही दोनांमागे एक, म्हणून ३.१. तिन्ही आकडे फळ्यावर चौकटीत लिहिले. नववीत मोल शिकलेली मुलं एका मोलमधल्या रेणूंची संख्या, ६.०२२ × १०²³, घडाघडा म्हणतात, पण त्या मोलने एखादं भांडण मिटवता येतं हे त्यांनी कधी पाहिलेलं नसतं.

सराफाकडे असतो तसला, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा काटा आमच्याकडे आहे. चिनी मातीची बशी रिकामी ४६.२० ग्रॅम भरली, सोड्यासकट ५४.६०. छोटी गॅसची शेगडी, वर जाळी, आच मंद. बशी पूर्ण गार करूनच काट्यावर ठेवायची, कारण गरम बशीभोवतीची हवा वर चढते आणि आकडा कमी दाखवतो. पहिलं वजन ५२.४७. म्हणजे आत ६.२७ ग्रॅम.

"बाई, तिन्ही चूक!" वर्ग एकदम ओरडला.

सहसा तोंड न उघडणारा एक मुलगा हळूच म्हणाला, "अजून शिजलं नसेल." मी त्यालाच पुढे बोलावलं. त्याने काचेच्या कांडीने भुकटी खालीवर केली, कांडीला चिकटलेलं बशीतच झटकलं आणि पुन्हा तापवायला ठेवलं. ५.५४. पुन्हा. ५.३३. पुन्हा. ५.३२. आणखी एकदा तापवून बघितलं, तरी ५.३२. मधल्या सुट्टीची घंटा झाली तरी कोणी जागचं हललं नाही.

दुसऱ्या गटाचं उत्तर ५.१ आलं. त्यांनी आच मोठी ठेवली होती. वायू सुटताना भुकटी उकळल्यासारखी उडते. त्यांच्या जाळीवर पांढरे कण पडलेले दिसत होते, ते मुलांनीच शोधून दाखवले.

मला वाटलं, प्रश्न सुटला. पण ती मुलगी वहीत काहीतरी मांडत बसली होती. "बाई, समजा माझंच समीकरण बरोबर आहे, पण सत्तरच टक्के सोडा फुटलाय. मग ५.८८ ग्रॅमपासून २.८ ग्रॅम हायड्रॉक्साइड झालं आणि २.५२ ग्रॅम सोडा तसाच राहिला. बेरीज ५.३२!"

अगदी आमचंच वजन. इतक्या वर्षांत हा आक्षेप मला कुणीच घेतला नव्हता, आणि तो फार मोलाचा आहे. नुसत्या एका वजनाने तिला उत्तर देता येत नव्हतं. मी वर्गाकडे बघितलं. पहिलं उत्तर त्या अबोल मुलानेच दिलं: सोडा उरला असता तर शेवटच्या तापवण्यात वजन अजून उतरलं असतं. दुसरं उत्तर आम्ही करून पाहिलं. नव्या बशीत सोडा तापवत ठेवून वर स्टीलची कोरडी, गार ताटली धरली. थोड्याच वेळात ताटलीच्या तळाशी थेंब जमले. तिच्या समीकरणात पाणी नव्हतंच. पाणी देणारी दोन समीकरणं उरली, ३.१चं आणि ५.३चं, आणि काटा ५.३२वर थांबला होता. तिने स्वतःच "पटलं" म्हटलं.

जाता जाता एकीने विचारलं, "म्हणून आई ढोकळ्यात सोड्याबरोबर लिंबू पिळते का?" नुसतं तापवलं तर ८.४ ग्रॅम सोड्यापासून ०.०५ मोल वायू मिळतो, खोलीच्या तापमानाला साधारण १.२ लिटर. शिवाय धुण्याच्या सोड्यातलं कार्बोनेट मागे उरतं, त्याची साबणासारखी चव येते. पुरेसं आम्ल असेल तर वायू दुप्पट, आणि कार्बोनेट उरतच नाही. सायट्रिक आम्लाचं रेणुवस्तुमान १९२, त्याचा एक रेणू तीन सोड्यांना पुरतो. म्हणजे ८.४ ग्रॅम सोड्याला ६.४ ग्रॅम आम्ल लागेल. एका लिंबात ते किती असतं? पुढच्या प्रात्यक्षिकाला प्रत्येक गटाने एकेक लिंबू आणायचं ठरलं.