सुंभाची गाठ

आमच्या रोपवाटिकेत प्रत्येक बोन्सायच्या कुंडीला सुंभाचा एक तुकडा बांधलेला दिसेल. त्याला गाठी असतात. एक गाठ म्हणजे आमच्या आवारात, उघड्यावर काढलेला एक पावसाळा. गाठ नसलेले झाड आम्ही विकत नाही, गिऱ्हाईक कितीही मागे लागले तरी. हा नियम आम्हांला बराच महागात पडून सुचला.

२०१२ साली गोव्यातल्या खाणी बंद झाल्या तेव्हा माझ्या यजमानांचा खनिज वाहणारा टिपर होता. डिचोली तालुक्यातल्या आमच्या वाड्यावर तेव्हा बऱ्याच घरांपुढे टिपर उभे असायचे, आणि ते महिनोन्‌महिने तसेच उभे राहिले. आम्ही आमचा विकला. सासूबाईंच्या परसात अबोली, जास्वंद, मोगरा होताच. त्याची रोपे आणि मानकुराद आंब्याची कलमे घेऊन आम्ही सुरुवात केली. बोन्साय हा माझा हट्ट. लग्नाआधी एका दोन दिवसांच्या शिबिरात शिकले होते तेवढीच पुंजी.

पहिल्या वर्षी घाई केली. परराज्यातल्या एका घाऊक विक्रेत्याकडून चाळीस ज्युनिपर (एक सूचिपर्णी झाड) मागवले आणि जानेवारीत म्हापशाला बोडगेश्वराच्या जत्रेत मांडले. हिरवीगार, वाऱ्यात वाकल्यासारखी, कुंडीवर पांढरे खडे. तीन रात्रींत सगळी गेली. शिगम्यापर्यंत लोक परत येऊ लागले. एक निवृत्त शिक्षिका झाड पदराखाली धरून आल्या होत्या. रागावल्या नाहीत. "रोज पाणी घातलं गं, माझं काय चुकलं?" एवढेच विचारले. त्यांचे काहीच चुकले नव्हते. ज्युनिपरची मुळे मेली तरी पाला कित्येक आठवडे हिरवाच राहतो. त्यातली बरीच झाडे आम्ही विकली तेव्हाच मेलेली असणार. आणि जी जिवंत होती त्यांनाही इथे दिवस नव्हते. त्या झाडाला वर्षातून काही महिने खरी थंडी आणि विश्रांती लागते. आमच्याकडे जानेवारीतली रात्रसुद्धा वीस अंशांच्या आसपास.

जे आले त्यांचे पैसे परत दिले. त्या उन्हाळ्यात मी बोन्सायबद्दल मिळेल ते वाचून काढले. त्यातली एक गोष्ट मनात घर करून राहिली. १९२३ च्या भूकंपानंतर तोक्योतले काही बोन्सायवाले शहर सोडून निघाले आणि १९२५ पासून तोक्योजवळच्या ओमिया इथे वस्ती करून राहिले. जागा निवडताना त्यांनी माती आणि पाणी पाहिले. आम्ही मात्र आपली माती आणि आपले पाणी न बघता झाड आणले होते.

मग डोळे उघडून आजूबाजूला पाहिले. आपल्या जुन्या घरांच्या जांभ्या चिऱ्यांच्या भिंतींत, विहिरीच्या काठांत, चुन्याच्या सांध्यांत वड, पिंपळ आणि वडाच्याच कुळातले नांदरूक आपणहून उगवतात. पाखरांच्या विष्ठेतून बी पडते. भिंत फुटते म्हणून लोकांना ती काढायची असतात, पण पिंपळ-उंबराला कोयता लावायला हात धजत नाही. "तुम्ही घेऊन जा, बाय, म्हणजे आम्हांला पाप नको," असे सांगणारे अजून भेटतात. मृगाचा पाऊस पडून भिंत भिजली की आम्ही मालकांच्या परवानगीने जातो, सांध्यातला चुना उकरून मूळ सोडवतो. जी झाडे आठ-दहा वर्षे भिंतीत उपाशी राहिलेली असतात त्यांचे खोड बुटके आणि जाड असते. सासूबाईंची अट एकच होती, पिंपळ घरात नको. तो आजही अंगणातल्या मांडवाखालीच असतो.

पण पहिली खेप लावली साध्या तांबड्या मातीत. गोव्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस, त्यातला बहुतेक चार महिन्यांत. उथळ कुंडीतली माती जुलैत चिखल झाली, भोके बुजली. श्रावणात मुळे उपटून पाहिली तर काळी, बोटाने साल निघून येणारी. इथे यजमानांचे खाणीवरचे आयुष्य कामाला आले. खनिज चाळून आकारानुसार वेगळे करतात हे त्यांनी रोज पाहिलेले. चिरेखणीवरचा फुटका चिरा आणून त्यांनी तो फोडला, दोन चाळणींतून काढला आणि वाटाण्याहून लहान खडे तेवढे ठेवले. भुकटी धुऊन टाकली. चिरा सच्छिद्र असतो, ओल धरतो आणि जादाचे पाणी सोडून देतो. त्यात नारळाच्या सोडणाचे तुकडे आणि थोडे कुजलेले शेणखत. पुढच्या पावसाळ्यात मोजकीच झाडे गेली. गाठीची पद्धत तेव्हापासूनची.

म्हणूनच मी सांगते, गोव्यात बोन्साय घ्यायचे तर थंडीत घ्या. डिसेंबर-जानेवारीत समोर उभे असलेले झाड नुकताच पावसाळा काढून आलेले असते, आणि उन्हाळ्याआधी तुमच्या घरी रुळायला त्याला दोन-तीन महिने मिळतात. मात्र विकणारा खरेच पावसाळ्यापासून ते सांभाळतोय ना, हे बघायला हवे. जत्रांच्या हंगामात आदल्या आठवड्यात कुंडीत खोचलेली झाडेही विकायला येतात. खोड बुंध्याशी दोन बोटांत धरून हलकेच हलवा. कुंडीसकट हलले तर मुळे बसली आहेत. नुसते खोडच डुगडुगले तर ठेवून द्या. वरचे शेवाळ किंवा खडे बाजूला करायला सांगा. खडे डिंकाने चिकटवलेले असतील तर मी तिथून पुढे जाईन. अशा कुंडीत पाणी धड शिरत नाही आणि खाली काय आहे ते दिसत नाही. मग कुंडी उचलून खालची भोके मोकळी आहेत ना ते पाहा.

लोक आकाराला भुलतात. मी आधी मुळांकडे पाहते. मातीशी मुळे चारी बाजूंनी पसरलेली हवीत, एकमेकांच्या गळ्यात अडकलेली नकोत. खोड खाली जाड आणि वर निमुळते होत जाणारे हवे. फांदीचे वळण नंतरही देता येते, बुंधा मात्र सहजासहजी बदलत नाही. फांदीला वळण द्यायला गुंडाळलेल्या तारेच्या खुणाही बघा. पावसात वड-नांदरूक इतके भराभर जाडावतात की वेळेत न सोडलेली तार सालीत रुतते आणि ते वळ वर्षानुवर्षे राहतात.

पानगळीने घाबरू नका. पिंपळ जानेवारी-फेब्रुवारीत पिवळा पडून गळू लागतो, उंबरही पाने टाकतो. उलट तीच संधी आहे. निष्पर्ण झाडाची खरी ठेवण दिसते, कुठे फांदी तोडलीय आणि जखम भरलीय का हेही कळते. शंका असेल तर विचारून बारीक फांदीची साल नखाने किंचित खरवडा. आत हिरवे असेल तर जीव आहे. अडेनियम, म्हणजे ते फुगीर बुंध्याचे फुलझाड, मात्र खोड दाबून घ्या. थोडे सुरकुतलेले चालेल, ते तहानलेले असते. पिचपिचीत लागले तर कुजलेले. आणि सकाळचा कोरडा वारा सुटला की लाल कोळी ही बारीक कीड येते. पांढरा कागद पानांखाली धरून फांदीवर टिचकी मारा. कागदावर चालणारे ठिपके दिसले तर ते झाड घेऊ नका. पानांच्या बेचक्यात कापसासारखे काही दिसले तर तो पिठ्या ढेकूण, तीही कीडच.

घरी नेल्यावर लगेच कुंडी बदलू नका, नवे कोंब दिसेपर्यंत थांबा. सकाळचे ऊन द्या, एसीच्या झोतात ठेवू नका, आणि पाणी बोटाने माती चाचपून घाला.

थंडीत पर्यटकही येतात. दिल्लीचे एक जोडपे मागच्या जानेवारीत नांदरूक मागत होते. मी दिले नाही. तिथल्या कडाक्याच्या थंडीत ते पाने टाकणार, आणि झाड सुकतेय असे समजून ही मंडळी पाणी ओतत राहणार. मार्चमध्ये या म्हटले. ते आले नाहीत, पण फोनवर विचारून होळीनंतर एका नातेवाइकाकरवी नेले. विमानातून परदेशी नेऊ इच्छिणाऱ्यांना आम्ही सरळ नाही सांगतो. त्याला वनस्पतीच्या आरोग्याचे सरकारी प्रमाणपत्र लागते.

"झाडाचा छळ नाही का हा?" असे कुणी ना कुणी विचारतेच. मला हा प्रश्न आवडतो, कारण विचारणाऱ्याला झाडाची काळजी असते. मी त्यांना भिंतीतून काढलेला वड दाखवते. पाच गाठींचा आहे. गेल्या पावसाळ्यात त्याला पहिली पारंबी फुटली, केसाएवढी बारीक. ती मातीला टेकेपर्यंत मी रोज पहाटे कंदील घेऊन, हो, कंदीलच, कारण पावसात आमची वीज जाते, बघायला जात होते.

त्या शिक्षिका काही वर्षांनी परत आल्या. काही न मागता बाकावरच्या कुंड्या फिरून बघितल्या आणि एका उंबरापाशी थांबल्या.

"बाय, हें जगतलें मगे?"

मी सुंभ त्यांच्या हातात दिला. त्यांनी गाठी मोजल्या, तीन होत्या, आणि उंबर घेऊन गेल्या. तो अजून त्यांच्या अंगणात आहे. दर फेब्रुवारीत कुंडी बदलायला आमच्याकडे येतो.

यंदा दसऱ्यानंतर पस्तीस झाडांना नवी गाठ पडली. बघायला यायचे असेल तर सकाळी आठच्या आत या, पाणी घालण्याआधी. कोरड्या मातीत मुळे नीट दिसतात.