पहाटेचे २३.८ अंश

आमच्या इमारतीत रात्री ११ ते पहाटे ५ या वेळेत घरे उबदार ठेवणारी सामाईक यंत्रणा मंद केली जाते. भाडेकरारावर सही करताना हा नियम मी वाचला होता. बैठकीतल्या २०० लिटरच्या रीफ टँकशी, म्हणजे जिवंत प्रवाळांच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीशी, त्याचा काही संबंध असेल, हे मात्र पहिल्या हिवाळ्यापर्यंत माझ्या ध्यानात आले नाही. दिवे आणि पंप चालू असताना दुपारी २६.३ अंश सेल्सिअस असलेले पाणी पहाटे २३.८ वर उतरलेले असे. यातला कोणताही आकडा एकट्याने घातक नव्हता; मला अस्वस्थ करत होती ती अडीच अंशांची रोजची ये-जा.

इमारतीच्या व्यवस्थापनाने नियम बदलण्यास नम्रपणे नकार दिला. इंधनाचा खर्च सर्वांमध्ये वाटला जात असल्यामुळे तो नकार मला पटलाही. मायदेशात असेच टँक सांभाळणाऱ्या मित्रांना माझी काळजी अनाठायी वाटते. अमेरिकन सामोआतील ओफू बेटावरच्या उथळ कुंडांत पाणी एका दिवसात ६ अंशांपर्यंत बदलते आणि तिथले प्रवाळ ते सोसतात, असा दाखला ते देतात. दाखला खरा आहे. पण ते प्रवाळ पिढ्यान्‌पिढ्या त्या पाण्यात वाढले आहेत, तर माझे फ्रॅग, म्हणजे मोठ्या प्रवाळांपासून कापलेले तुकडे, टँकमध्येच, स्थिर पाण्यात वाढवलेले आहेत. शिवाय मित्रांचा झगडा पाणी गार ठेवण्याशी असतो, म्हणून थंडीची बाजू त्यांना दिसत नाही, असे मला अजूनही वाटते.

माझा मूळ हीटर एकच, ३०० वॅटचा होता. हीटरच्या थर्मोस्टॅटचे संपर्कबिंदू कधीकधी चिकटून बसतात आणि तो बंदच होत नाही. एवढ्या पाण्यात ३०० वॅट अखंड चालले, तर काही तासांत प्रवाळांतील सूक्ष्म शैवाल निघून जाऊन ते पांढरे पडण्याची वेळ येऊ शकते. म्हणून आता संपमध्ये, म्हणजे मुख्य टँकला जोडलेल्या दुसऱ्या टाकीत, १०० वॅटचे दोन हीटर आहेत. एक अडकला तरी तापमान झपाट्याने चढत नाही, आणि एक बंद पडला तरी दुसरा घसरण मंदावतो. दोन्ही एका बाहेरच्या कंट्रोलरवर चालतात, त्याचा सेन्सर हीटरपासून दूर, वाहत्या पाण्यात आहे, आणि त्याचा आकडा मी दर आठवड्याला दुसऱ्या तापमापकाशी ताडून पाहतो. दोन्ही हीटर मिळूनही या पाण्याला १ अंशाने वर नेण्यास, उष्णता अजिबात वाया गेली नाही तरी, सुमारे ७० मिनिटे लागतात. त्यामुळे घसरण थोडी होताच, २५.३ अंशांवरच, ते सुरू होतात. दिव्यांची वेळही मी पुढे ढकलली: ते आता दुपारी लागून रात्री उशिरा मावळतात, म्हणजे त्यांची थोडीफार ऊब खोली गार होऊ लागते त्याच वेळी मिळते.

झाकण पूर्ण लावले असते तर उष्णता अधिक टिकली असती, पण पाण्याला हवेची देवाणघेवाणही हवी असते. म्हणून ते अर्धे उघडे आहे.

गेले तीन आठवडे पहाटेचा आकडा २५.३च्या आसपास आणि दुपारचा २५.८ आहे. उन्हाळ्यात याच खिडकीतून संध्याकाळी उशिरापर्यंत ऊन येईल, त्यासाठी फॅन आणून ठेवला आहे. बाष्पीभवनाने पाणी गार होईल, पण मीठ मागेच राहील. म्हणून फॅन लावण्यापूर्वी उडालेल्या पाण्याची भरपाई आपोआप करणाऱ्या आरओ पाण्याच्या टॉप-अपची टाकी मोठी करायची आहे.