तुम्ही विचारलंत म्हणून: छपाई कमी, मग लेझर कशाला?

मी घरून हिशेबाची कामं करते. टेबलाशेजारचा प्रिंटर पाहिला की येणारा-जाणारा हमखास विचारतो, "तुमची छपाई ती केवढी! त्यासाठी लेझर प्रिंटर कशाला घेतलात?"

छपाई कमी आहे, म्हणूनच घेतला.

लेझर म्हणजे भरपूर छापणाऱ्यांसाठी, हा समज पक्का बसलाय. पण इंकजेटला खरा त्रास होतो तो नुसतं पडून राहण्याचा. त्याची शाई पातळ, आणि ती केसापेक्षा बारीक छिद्रांतून कागदावर पडते. काही आठवडे हात लावला नाही की ती छिद्रांच्या तोंडाशी वाळते, पानावर पांढरे पट्टे येतात. मग हेड, म्हणजे ही छिद्रं असलेला भाग, साफ करायचं, आणि ते साफ होतं पुन्हा शाईनेच. एक ओळही न छापता शाई संपते ती अशी. लेझरमध्ये शाईऐवजी असतो तो टोनर ही मुळात कोरडी भुकटी, रंग मिसळलेलं बारीक प्लास्टिक. त्यात वाळण्यासारखं काही नाहीच. माझ्याकडे विवरणपत्रांच्या दिवसांत पानांचा ढीग निघतो आणि एरवी प्रिंटर झोपलेला असतो. उठला की पहिलंच पान स्वच्छ येतं.

आत काय चालतं ते थोडं माहीत असलेलं बरं, पुढची पथ्यं त्यातूनच निघतात. ड्रम नावाच्या फिरत्या नळकांड्यावर विजेचा स्थिर भार चढवतात, लेझर जिथे पडतो तिथला भार बदलतो, तेवढ्याच जागी टोनर चिकटतो आणि तिथून कागदावर उतरतो. मग फ्यूजर नावाचे तापलेले रोलर ती भुकटी वितळवून कागदात दाबतात. तापमान साधारण २०० अंश सेल्सिअस. पान हातात येतं ते म्हणूनच गरम, आणि अक्षरावर ओलं बोट फिरवलं तरी ते फुटत नाही. मूळ कल्पना झेरॉक्स कंपनीतले संशोधक गॅरी स्टार्कवेदर यांची, फोटोकॉपीच्या यंत्रात लेझर बसवण्याची. १९७७ साली आलेला झेरॉक्स ९७०० हा लेझर प्रिंटर म्हणजे चांगलं धूड होतं. १९८४ मध्ये एचपीचा लेझरजेट आला आणि प्रकरण टेबलावर मावलं.

तर पथ्यं. फ्यूजर तापताना एकदम जास्त वीज ओढतो, म्हणून प्रिंटर कॉम्प्युटरच्या छोट्या यूपीएसवर लावू नका, सरळ भिंतीतल्या सॉकेटला लावा. इंकजेटचा चकचकीत फोटो पेपर यात घालू नका. त्याचा थर वितळून रोलरला चिकटला तर काम वाढलंच. लेबलंसुद्धा लेझरसाठीचीच घ्यावीत. दमट कागद गुंडाळी होऊन अडकतो, तेव्हा फोडलेलं रीम बंद पिशवीत ठेवावं. टोनर सांडला तर गार पाण्याने पुसायचा. गरम पाण्याने तो कपड्यात पक्का बसतो. घरातला व्हॅक्यूम क्लीनरही नको, इतकी बारीक भुकटी साध्या फिल्टरमधून आरपार जाऊन खोलीभर उडते.

घेताना माझं मत एकच: काळा-पांढरा घ्या. रंगीत लेझरला चार टोनर लागतात, आणि त्यातला एक संपला की काही मॉडेल काळं पानही छापायला कुरकुर करतात. कागदाच्या दोन्ही बाजूंना आपोआप छापण्याची सोय मात्र सोडू नका. मिनिटाला किती पानं, हा आकडा घरी फारसा कामाचा नाही.

त्यापेक्षा टोनरचा आकडा बघा. खोक्यावरची पानसंख्या आयएसओ १९७५२ या चाचणीवरून काढतात. त्यातल्या पानावर जेमतेम ५ टक्के भाग काळा होतो, म्हणजे एखादं साधं पत्र. रकान्यांनी भरलेला ताळेबंद त्याहून जास्त खातो. शिवाय नव्या प्रिंटरसोबत येणारं कार्ट्रिज, म्हणजे टोनरची डबी, बहुतेकदा अर्धंमुर्धंच भरलेलं असतं. ड्रम टोनरसोबत बदलतो की वेगळा घ्यावा लागतो, हेही आधीच विचारा. दुसऱ्या कंपनीचं स्वस्त कार्ट्रिज वापरायचा विचार असेल, तर त्यावरची चिप चालते का, आणि प्रिंटरचं सॉफ्टवेअर अपडेट झाल्यावरही चालते का, याची चौकशी करूनच प्रिंटर निवडा.

"टोनर कमी" असा इशारा आला म्हणून लगेच कार्ट्रिज फेकू नका. बाहेर काढून आडवं धरून हलकेच हलवा. छपाई फिकट होईपर्यंत बरीच पानं निघतात. बाहेर असताना ड्रम उजेडात ठेवू नका आणि त्याच्या चकचकीत पृष्ठभागाला बोट लावू नका.

पानावर एकच ठिपका पुन्हापुन्हा उमटत असेल, तर पट्टी घेऊन दोन ठिपक्यांमधलं अंतर मोजा. ते ज्या रोलरच्या घेराएवढं, तो रोलर बिघडलेला. लहान प्रिंटरांमध्ये ७५ किंवा ९४ मिलिमीटर भरलं तर बहुधा ड्रमच. दुरुस्तीवाल्याला हे मोजमाप आधी सांगितलं, की उगाच फ्यूजर बदलायची भाषा तो करत नाही.

फोटो छापायचे असतील तर मात्र यातलं काहीच लागू नाही. त्यासाठी इंकजेटच घ्या, आणि आठवड्याला एखादं रंगीत पान काढत राहा.