मागला डावा पाय

नानांनी फ्रेंच ओपन ही पॅरिसची टेनिस स्पर्धा टीव्हीवर पहिल्यांदा पाहिली तेव्हा त्यांचं लक्ष खेळाडूंकडे गेलंच नाही. जमिनीकडे बोट करून म्हणाले, "हाई ते मिरचीनी पथारी शे!"

त्यांचं फारसं चुकलं नव्हतं. हिवाळ्यात नंदुरबारच्या आसपास फिरलेल्या माणसाला पॅरिसचं ते मैदान ओळखीचं वाटणारच. ओल्या लाल मिरचीचे ढीग उपसून एकरच्या एकर जमीन झाकलेली, बाया तोंडाला फडकं बांधून मिरची सारखी करताहेत आणि रस्त्यानं जाणारा मोटारसायकलवाला शिंकून शिंकून बेजार. टीव्हीवर तोच रंग, फक्त ठसका नाही. मी आपलं ज्ञान पाजळलं, की नाना, ही माती नव्हेच, विटांचा चुरा आहे. तोही जेमतेम दोन मिलिमीटर, खाली चुनखडीचा थर. नानांनी तापीकाठच्या काळ्या मातीत सत्तर वर्षं काढलेली. "मंग माती कसाले म्हनतस?" एवढं विचारून त्यांनी विषय संपवला.

तेव्हापासून दर मे महिन्यात आमचं हे चालतं. नाना म्हणजे माझे थोरले काका. शहादा तालुक्यात त्यांचं गाव, आणि उन्हाळ्यात आठ-पंधरा दिवस तिकडे गेल्याशिवाय मला वर्ष पुरं झाल्यासारखं वाटत नाही. या दिवसांत खानदेशात माणसाला दोनच कामं असतात, घाम पुसणं आणि अंदाज बांधणं. पाऊस कधी येईल, कापसाला भाव काय निघेल, बियाण्याचं कुठलं पाकीट घ्यावं, पपईचा व्यापारी किती पाडून मागेल. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात भेंडवळला घटमांडणी होते. अठरा धान्यं गोलात मांडून रात्रभर ठेवतात आणि पहाटे काय हललं, काय जागेवर राहिलं यावरून वर्षाचं पीकपाणी सांगतात. ते भाकीत आमच्याकडच्या ओट्यांवरही मोठ्यानं वाचलं जातं. मागच्या वर्षीचं खरं ठरलं का, हे मात्र कोणी विचारत नाही. विचारलंच तर मागच्या वर्षीचं कोणाला आठवत नसतं.

टेनिसचा अंदाज बांधायला मी वही वापरतो. खरं तर बरीच वर्षं वहीची गरजच नव्हती. २००५ ते २०२२ या अठरा वर्षांत चौदा वेळा राफाएल नादाल जिंकला; उरलेल्या चारांत एकदा फेडरर, एकदा वावरिंका आणि दोनदा जोकोविच. रोलँड गॅरोसवर, म्हणजे या स्पर्धेच्या मैदानावर, नादालनं ११२ सामने जिंकले आणि हरले फक्त ४. यंदा कोण जिंकेल असं विचारणं म्हणजे पोळा झाल्यावर गणपती येतील का, असं विचारणं. २०२४ च्या नोव्हेंबरात तो थांबला आणि माझ्यासारख्या वहीवाल्यांना पुन्हा काम मिळालं. २०२५ च्या मे महिन्यात मी बसलो तो नवी वही घेऊनच.

वहीत मी काय लिहितो? मातीवरच्या आधीच्या स्पर्धा कोणी जिंकल्या, कोण कोणाकडून किती वेळा हरलाय, कोणाचं काय दुखतंय. मग ड्रॉ लागला की कोणाच्या वाटेत कोण येतो ते. १२८ खेळाडू, त्यांतले ३२ मानांकित, म्हणजे क्रमवारीत वरचे. पहिला आणि दुसरा मानांकित दोन टोकांना, म्हणजे त्यांची गाठ पडली तर अंतिम सामन्यातच. बाकीचे कुठे पडतील ते चिठ्ठीवर. हा भाग घरात सगळ्यांना चटकन समजला, कारण आखाजीला पत्ते कुटणाऱ्या घराला हे सांगावं लागत नाही. आपल्या हातात पानं कितीही चांगली असोत, उताऱ्याला कोण बसलाय ते बघूनच माणूस बोलतो.

नानांकडे वही नाही. नानांकडे सारंगखेडा आहे.

दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याला घोड्यांचा बाजार भरतो. देशभरातून घोडे येतात. नानांनी आयुष्यात दोनच घोडे विकत घेतले, पण पारखले असतील हजार. कोणाला घोडा घ्यायचा असला की नानांना सोबत न्यायचे. लहानपणी मी एकदा त्यांच्याबरोबर गेलो होतो. ढोलकीच्या ठेक्यावर एक पांढराशुभ्र घोडा मागच्या दोन पायांवर उभा राहून नाचत होता, गर्दी शिट्ट्या मारत होती, आणि नाना चक्क पाठ करून तंबाखू मळत होते. नाच संपला, मोतद्दार घोडा घेऊन खुंट्याकडे निघाला, तेव्हा नाना वळले. आता त्यांचे डोळे बारीक झाले होते. घोडा पाय कसा टाकतो, श्वास किती वेळात जागेवर येतो, मान कुठल्या बाजूला झुकते, उभा राहिल्यावर कुठल्या पायावरचं वजन काढून घेतो. त्यानंतर दात, खूर, छाती, अंगावरचे भोवरे. सगळं बघून झाल्यावर रुमालाखाली हात घालून बोटं धरून भाव. मला त्यातलं एवढंच पक्कं आठवतं: नाच बघायचा नाही, नाचून परत जाताना बघायचं.

टेनिसलाही त्यांनी हेच लावलं. फटका चालू असताना नाना सुपारी कातरतात. गुण संपला की अडकित्ता थांबतो. पुढच्या सर्व्हिसपर्यंत खेळाडूला पंचवीस सेकंद मिळतात. टॉवेलकडे जायचं, घाम पुसायचा, चेंडू निवडायचे. माझं लक्ष तेव्हा स्कोअरकडे असतं आणि नानांचं त्या पंचवीस सेकंदांच्या चालण्याकडे. सुरुवातीला मला हसू यायचं. पण दमलेला खेळाडू रॅलीत दम लपवू शकतो, टॉवेलकडे जाताना त्याला ते जमत नाही, हे नानांमुळेच माझ्या लक्षात आलं.

त्या मे महिन्यात मी त्यांना रोमच्या स्पर्धेतले सामने दाखवले आणि एकेक घोडा बाजारात उभा केला. प्रत्येकानं एकेक निवडून शर्त लावायची होती.

पहिला यानिक सिनर. जगात पहिल्या क्रमांकाचा, पण उत्तेजकाच्या प्रकरणात तीन महिन्यांची बंदी भोगून मे महिन्यातच परतलेला. परतल्या परतल्या रोममध्ये कास्पर रूडला ६-०, ६-१ असा चोपला आणि अंतिम फेरी गाठली. माझ्या वहीत त्याच्या नावापुढे दोन चांदण्या होत्या; माझा घोडा तोच. नानांनी एकच विचारलं: तीन महिने ठाणावर बांधलेला घोडा पहिल्या दिवशी वाऱ्यासारखा पळतो, चौथ्या दिवशी काय करतो? मला उत्तर देता आलं नाही. एवढ्या लांब दमाच्या स्पर्धेत, पाच सेटांचे सात सामने काढायचे असताना, प्रश्न बिनतोड होता.

दुसरा कार्लोस अल्काराझ, गतविजेता. नुकताच बावीस वर्षांचा झालेला. माँटे कार्लोची स्पर्धा जिंकलेला, रोममध्ये खुद्द सिनरला हरवलेला. मधे बार्सिलोनाच्या अंतिम सामन्यात मांडीजवळ दुखावल्यानं माद्रिद सोडावं लागलं होतं. चेंडू जाळीपलीकडे अलगद टाकून प्रतिस्पर्ध्याला वीस पावलं धावायला लावणं ही त्याची आवडती खोडी. काकूला तो पाहताक्षणी आवडला. नाना म्हणाले, "हाऊ नाचस." बस्स. नाचणाऱ्या घोड्याबद्दल त्यांचं मत वर आलंच आहे. मलाही त्याचं मधूनच भान सुटतं ते खटकत होतं. सरळ चाललेला सामना उगाच रानात नेतो आणि मग हसत हसत परत आणतो. हसण्याचं मला कौतुक आहे, पण शर्त लावायची म्हटल्यावर माणूस कोरडा होतो.

तिसरा नोव्हाक जोकोविच. अडतीस पूर्ण. आधीच्या उन्हाळ्यात गुडघ्यामुळे पॅरिसची स्पर्धा अर्धवट सोडली, गुडघ्यावर शस्त्रक्रिया केली, आणि ऑगस्टमध्ये त्याच मैदानावर अल्काराझला हरवून ऑलिम्पिकचं सुवर्ण घेतलं. या वर्षी मातीवर माँटे कार्लो आणि माद्रिदमध्ये पहिल्याच सामन्यात हरला आणि मग स्पर्धेच्या आदल्या दिवशी जिनिव्हात कारकिर्दीतलं शंभरावं विजेतेपद घेऊन बसला. असल्या माणसाचं वहीत काय लिहिणार? नाना टीव्हीच्या अगदी जवळ गेले. "म्हातारा व्हयना, पन दात शेतस आजून." चुलतभावानं तेवढ्यावर जोकोविच घेऊन टाकला.

अलेक्झांडर झ्वेरेव्हवर आम्ही वेळ घालवला नाही. गुणी आहे, पण तीनदा ग्रँड स्लॅमच्या, म्हणजे वर्षातल्या चार मोठ्या स्पर्धांतल्या, अंतिम सामन्यात जाऊन रिकाम्या हातानं परतलाय. २०२४ ला इथेच पाच सेटांत. रूडनं माद्रिद जिंकलं होतं, या स्पर्धेत दोनदा उपविजेता होता, तरी कोणाच्या मनात भरला नाही. बिगरमानांकितांचा विषय मी उगाच काढला. १९९७ मध्ये ६६ व्या क्रमांकाचा कुएर्टेन इथे जिंकला होता, २००४ मध्ये पहिले दोन सेट गमावून आणि दोन मॅच पॉइंट (एक गुण गेला की सामना गेला, अशी वेळ) वाचवून गाउदिओ. चुलतभाऊ म्हणाला, मग वही कशाला आणलीस?

आणि मग लोरेन्झो मुसेत्ती. आठवा मानांकित. एका हाताचा बॅकहँड, तोही असा की हात खांद्यापासून उलगडत जातो आणि शेवटी रॅकेट आभाळाकडे. रोमच्या उपांत्य सामन्यात तो अल्काराझकडून हरला. पण नानांनी अडकित्ता बाजूला ठेवला होता. पूर्ण सामना ठेवला होता. शेवटी माझ्या मांडीवर थाप मारून म्हणाले, "हारना, पन त्यानी चाल देख. रेवाल शे!" रेवाल चालीचा घोडा म्हणजे काय, हे सारंगखेड्याला गेलेल्यालाच कळेल. स्वाराच्या हातातल्या पेल्यातलं पाणी हिंदकळू नये, अशी चाल.

वहीत मुसेत्तीच्या नावापुढे माझ्या हातची एक ओळ होती. एप्रिलमध्ये माँटे कार्लोच्या अंतिम सामन्यात पहिला सेट जिंकल्यावर त्याच्या पायानं दगा दिला होता. तिसरा सेट ०-६. ती ओळ मी वाचली नाही. शर्त शेवभाजीची होती, ज्याचा घोडा पडेल त्यानं चुलीवर सगळ्यांना करून घालायची. ("आनि शेव कोन आनी?" काकूनं विचारलं, तिला कोणी उत्तर दिलं नाही.) नानांनी पडका घोडा घेतला तर माझं काय जातंय?

मुसेत्ती फेऱ्यामागून फेऱ्या काढत उपांत्य फेरीत पोचला. ओट्यावर नानांना चहा जास्त मिळायला लागला. ६ जूनच्या संध्याकाळी समोर अल्काराझ. पहिला सेट मुसेत्तीनं ६-४ असा घेतला आणि नाना माझ्याकडे बघून काही म्हणाले नाहीत, नुसती सुपारी पुढे केली. दुसरा सेट ६-६ अशा बरोबरीनंतर टायब्रेकरमध्ये गेला आणि अल्काराझनं घेतला. तिसऱ्यात गेम पटापट जायला लागले. मी स्कोअर बघत होतो. नाना पुटपुटले, "मांगला डावा."

"काय नाना?"

"मांगला डावा पाय. टेकस नही तो."

माणसाला पुढला-मागला नसतो, असं मी हसून म्हणणार होतो, तेवढ्यात पडद्यावर फिजिओ आला आणि मुसेत्तीच्या डाव्या मांडीला हात लावला. तिसरा सेट ०-६. चौथ्यात ०-२ असताना त्यानं सामना सोडला. माझ्या तोंडून निघून गेलं, "एप्रिलमध्येही असंच झालं होतं, पायच."

नानांनी वळून पाहिलं. "तुले माहीत व्हतं?"

व्यापारी घोड्याची खोड लपवणारच, त्याबद्दल नाना कधी कोणावर चिडलेले मला आठवत नाहीत. तो त्याचा धंदा. पण सोबत आलेल्या माणसाला खोड दिसली, तर ती त्यानं कानात सांगायची असते. नाना उठले, म्हशींना चारा टाकायला गोठ्यात गेले आणि जेवायला हाक मारेपर्यंत आलेच नाहीत.

त्याच रात्री सिनरनं जोकोविचला सरळ सेटमध्ये हरवलं, चुलतभाऊही बाद. उरलो मी.

रविवारी संध्याकाळी नाना आले, नेहमीच्या जागी खाटेवर बसले. अडकित्ता आणला नव्हता. पहिले दोन सेट सिनरचे. तिसरा अल्काराझचा. चौथ्यात ५-३, अल्काराझच्या सर्व्हिसवर ०-४०, सिनरला तीन मॅच पॉइंट. मी चुलतभावाला म्हटलं, उद्या सकाळी शेव घेऊन ये. तेव्हा नाना झोपले होते. तिन्ही गेले. सेट गेला. पाचव्यातल्या टायब्रेकरमध्ये अल्काराझनं १०-२ असा निकाल लावला. पाच तास एकोणतीस मिनिटं. इथला सगळ्यात लांबलेला अंतिम सामना. आमच्याकडे बारा वाजून गेले होते, आणि अल्काराझ लाल धुळीत उताणा पडला होता.

आवाजानं नाना जागे झाले. "कोन जितं?"

"तुमचा नाचणारा."

"आनि तुना घोडा?"

"तीन मॅच पॉइंट होते त्याच्याकडे, नाना."

नाना थोडा वेळ गप्प. मग अंधारातूनच, "काई खोड व्हती का त्याले?"

या वेळी मी खरं सांगितलं. याच पोराकडून मागचे चारही सामने लागोपाठ हरला होता. वहीत लिहिलेलं होतं.

खाट करकरली. नानांनी कूस बदलली.

"मंग लिधा कसाले?"